तिरपे ऊन : चेन्नई परिसरातील हिवाळा आणि छायाचित्रण



चेन्नई शहराच्या नुंगंबाक्कम भागात, कॉलेज रस्त्यावरील हवामान केंद्राच्या आवारात, ग्रॅनाइटचा एक उंच स्तंभ उभा आहे. त्यावर १७९२ हे साल आणि मायकेल टॉपिंग या वास्तुकाराचे नाव कोरलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केलेल्या मद्रास वेधशाळेची एक लहान दुर्बीण पूर्वी या स्तंभावर बसविलेली होती. आकाशस्थ ज्योती मध्यान्हरेषा ओलांडतात तो क्षण अचूक टिपणे हे त्या दुर्बिणीचे काम होते. १८९९ साली खगोलविषयक काम कोडईकनालच्या डोंगरावर गेले. हवेचे तापमान, पाऊस आणि वारा यांच्या नोंदी मात्र नुंगंबाक्कमलाच होत राहिल्या, आणि आजही होतात.

छायाचित्रणावरील व्याख्यानाचा आरंभ कॅमेऱ्याने करावयाचे सोडून एका दगडी खांबाने करावा, हे कोणाला चमत्कारिक वाटेल. परंतु निसर्गाचे चित्र घेणाऱ्याला सूर्य किती वाजता उगवतो, तो आकाशात किती उंच चढतो आणि त्या दिवशी हवेत किती बाष्प व किती धूळ आहे, हे तीन प्रश्न सर्वांत आधी सोडवावे लागतात. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दोन शतकांहून अधिक काळ याच आवारात लिहिली जात आहेत. भिंगाची किंमत दुकानात कळते. प्रकाशाची किंमत कळावयास असे ठिकाण लागते.

हिवाळ्यातील प्रकाशाविषयी जी पुस्तके आपल्याकडे वाचली जातात ती बहुतेक थंड देशांत लिहिलेली असतात. त्या देशांत हिवाळा म्हणजे बर्फ, पर्णहीन वृक्ष आणि दिवसभर क्षितिजालगत रेंगाळणारा सूर्य. लंडन शहरी २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून केवळ १५ अंश वर असतो. तेथील छायाचित्रकाराला दिवसभर लांब सावल्या आणि कोवळे ऊन मिळते. तो न्याहारी आटोपून सावकाश घराबाहेर पडला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. त्याच दिवशी दिल्लीचा मध्यान्हीचा सूर्य सुमारे ३८ अंशांवर, मुंबईचा सुमारे ४७ अंशांवर आणि चेन्नईचा सुमारे ५३ अंशांवर असतो. दक्षिणेकडे सूर्य उगवल्यावर अधिक उभ्या वाटेने वर चढतो, ही आणखी एक अडचण. लंडनचा सूर्य ज्या उंचीवर माध्यान्ह करतो, त्या उंचीवर चेन्नईचा सूर्य उगवल्यापासून सुमारे सव्वा तासात पोहोचलेला असतो. म्हणजे लंडनच्या छायाचित्रकाराला जो प्रकाश दिवसभर लाभतो, तो चेन्नईकराला सकाळी सव्वा तास आणि सायंकाळी सव्वा तास, एवढाच लाभतो. या एका हिशेबातून पुढचा सारा विचार निघतो.

तिरप्या उन्हाचे एवढे महत्त्व का, हेही समजून घेतले पाहिजे. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना त्याच्या किरणांना, तो ठीक डोक्यावर असतानाच्या मानाने, साडेपाचपट हवा ओलांडावी लागते. या प्रवासात निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात विखुरतो आणि उरलेला प्रकाश पिवळसर, तांबूस होतो. सावल्यांवर मात्र आकाशाचा निळा प्रकाश पडत राहतो, म्हणून उजेड उबदार आणि सावली थंड असे द्वंद्व चित्रात आपोआप येते. शिवाय बाजूने येणारा प्रकाश पिसाची प्रत्येक कड, गवताचे प्रत्येक पाते आणि चिखलावरील प्रत्येक पाऊलखूण उठावाने दाखवितो. दुपारच्या उन्हात तेच पीस सपाट दिसते, आणि पक्ष्याचा डोळा कपाळाच्या सावलीत हरवतो. जमीन तापली म्हणजे तिच्यावरील हवा थरथरू लागते. मग लांब पल्ल्याच्या भिंगातून घेतलेले चित्र, कॅमेरा कितीही स्थिर धरला तरी, पाण्यात पाहिल्यासारखे पुसट येते.

आता घड्याळाकडे वळू. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे, तर चेन्नई ८० अंशांच्या किंचित पूर्वेस आहे. त्यामुळे तेथील स्थानिक वेळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ९ मिनिटे मागे असते. मद्रास वेधशाळेने ठरविलेली 'मद्रास वेळ' एके काळी देशातील रेल्वेगाड्यांची वेळ होती, ही गोष्ट आज थोड्यांनाच स्मरत असेल. सूर्य स्वतःदेखील घड्याळाबरहुकूम चालत नाही. वर्षातील सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस येतो, म्हणून सूर्य सर्वांत उशिरा त्याच दिवशी उगवत असेल असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. चेन्नईला नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, २१ डिसेंबरला सहा पंचविसाच्या आसपास, आणि जानेवारीच्या अखेरीस सहा पस्तीस होऊन जातात. सूर्यास्त सर्वांत लवकर होतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, पावणेसहाच्याही आधी. ज्याला सव्वा तासच मिळणार आहे, त्याने दहा मिनिटांची ही फसगत टाळलेली बरी.

दख्खनच्या पठारावर वाढलेल्या माणसाला हिवाळा म्हटला की कोरडी थंडी, शेकोटीचा धूर आणि ज्वारीच्या शेतावर उतरलेले पिवळे ऊन आठवते. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर हिवाळ्याचे रूप निराळे आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसाने महाराष्ट्राचा निरोप घेतल्यावर येथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. चेन्नईत वर्षभरात जो पाऊस पडतो त्याचा निम्म्याहून अधिक भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच पडतो. जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा विशीच्या खाली फारसा उतरत नाही. म्हणून या प्रदेशातील हिवाळी प्रकाश थंडीने घडत नाही. तो पाण्याने घडतो.

हे घडणे दोन प्रकारचे असते. पावसाच्या दिवसांत मळभ असते. मळभ आले की अननुभवी छायाचित्रकार कॅमेरा पिशवीत ठेवतो. वस्तुतः ढगांनी भरलेले आकाश हा एक विशाल, सौम्य दिवाच होय. शहराच्या ऐन हद्दीत, सुमारे २७० हेक्टरांच्या गिंडी राष्ट्रीय उद्यानात काळवीट आहेत. पूर्ण वाढलेल्या नराची पाठ जवळजवळ काळी आणि पोट शुभ्र असते. उघड्या उन्हात पाठीचे बारकावे राखावेत तर पोट जळून पांढरेफटक होते, आणि पोट राखावे तर पाठ म्हणजे नुसता काळा डाग उरतो. मळभाच्या दिवशी हे अंतर कमी होते, आणि त्याच प्राण्याच्या पाठीवरील केसांची दिशादेखील चित्रात वाचता येते.

दुसरा प्रकार पाऊस थांबल्यानंतरचा. दोन-तीन दिवस कोसळून आकाश उघडले की हवेतील धूळ धुऊन गेलेली असते. दूरच्या टेकड्या जवळ आल्यासारख्या वाटतात, तळी काठोकाठ भरलेली असतात आणि त्यांत आकाश उतरलेले असते. भूदृश्याच्या चित्रासाठी वर्षातील हे सर्वोत्तम दिवस. मात्र अशा वेळी कॅमेऱ्यातील प्रकाशमापकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. समोर काळसर पाणी आणि त्यात एकच पांढरा बगळा असेल, तर मापक पाण्याकडे पाहून निवाडा देतो आणि बगळा पिसांविना नुसता पांढरा आकार होऊन बसतो. अशा प्रसंगी मापक सांगेल त्याहून एक ते दीड टप्पा कमी प्रकाश घ्यावा. पाणी अधिक काळे झाले तरी हरकत नाही. बगळ्याचे पीस वाचले पाहिजे. फिल्मच्या दिवसांत हा नियम होता, आणि आजच्या अंकीय कॅमेऱ्यालाही तो तितकाच लागू आहे.

आकाश हा भूदृश्याच्या छायाचित्रकाराचा जुना छळवादी आहे. कॅप्टन लिनियस ट्राइप हे मद्रास सरकारचे छायाचित्रकार म्हणून १८५६ साली नियुक्त झाले. १८५७-५८ च्या हिवाळ्यात त्यांनी श्रीरंगम, मदुराई, तंजावर या भागांत फिरून देवालयांची आणि परिसराची चित्रे घेतली. तंजावरचे मराठी राज्य खालसा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षेच झाली होती. ट्राइप कागदी निगेटिव्ह वापरीत. तो कागद निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील असे, त्यामुळे जमिनीचे चित्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पडून जाई. या उणिवेवर त्यांनी काढलेला उपाय असा, की निगेटिव्हवर रंगाचा हात फिरवून ढग काढावयाचे. त्यांच्या काही चित्रांतील रम्य मेघमाला आकाशातून आलेली नसून कुंचल्यातून आलेली आहे.

ट्राइप यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या साधनांची ती मर्यादा होती. परंतु त्या कुंचल्याने जो प्रश्न उभा केला तो अद्याप सुटलेला नाही. छायाचित्र सुंदर व्हावे की खरे असावे? दोन्ही साधले तर उत्तमच. पण दोहोंत विरोध आला तर कोणाची बाजू घ्यावी? आज यंत्राच्या साह्याने क्षणार्धात आकाश बदलता येते, सावली पुसता येते, रिकाम्या तळ्यावर पक्ष्यांचा थवा उतरविता येतो. ज्याला ट्राइप यांच्याएवढे कष्टही पडत नाहीत, त्याची परीक्षा त्यांच्यापेक्षा कठीण आहे.

या प्रश्नाचे एक निःसंदिग्ध उत्तर मद्रास शहरातच राहणाऱ्या एका गृहस्थाने दिले. माधवय्या कृष्णन यांचा जन्म १९१२ चा. त्यांचे वडील अ. माधवय्या हे तमिळमधील आरंभीच्या कादंबरीकारांपैकी एक. १९४२ ते १९४९ ही वर्षे कृष्णन यांनी सोंडूर संस्थानात नोकरीत काढली. सोंडूर म्हणजे कन्नड मुलखात वसलेले, घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान. तेथील डोंगर आणि झाडी यांनी त्यांच्या डोळ्यांना शिस्त लावली असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. मद्रासला परतल्यावर त्यांनी लेखन आणि छायाचित्रण यांवरच निर्वाह केला. १९५० मध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्रात सुरू केलेले निसर्गविषयक सदर त्यांनी १९९६ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. शासनाने त्यांना पद्मश्री दिली. १९५९ ते १९७० या काळात त्यांनी द्वीपकल्पातील मोठ्या सस्तन प्राण्यांची पाहणी केली; तिचा वृत्तांत मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९७५ मध्ये प्रसिद्ध केला.

कृष्णन यांनी अखेरपर्यंत कृष्णधवल छायाचित्रणच केले, आणि रंगीत चित्रांचा मोह कटाक्षाने टाळला. निरनिराळ्या यंत्रांचे भाग जुळवून त्यांनी एक अवजड कॅमेरा स्वतः सिद्ध केला होता आणि त्याला विनोदाने 'सुपर पाँडरोसा' असे नाव दिले होते. पायी किंवा पाळीव हत्तीच्या पाठीवरून ते रानात हिंडत. त्यांच्या आधीच्या पिढीत, संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी वाटेवर तार बांधून, वाघाचा पाय तिला लागताच प्रखर झोताने त्याचे चित्र टिपण्याची पद्धत यशस्वी केली होती. १९२७ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या पुस्तकाने कित्येकांच्या हातातील बंदूक सुटून तेथे कॅमेरा आला. कृष्णन यांचा मार्ग वेगळा होता. प्राणी जेथे आहे, जो प्रकाश त्याच्यावर पडलेला आहे आणि जे काही तो करीत आहे, तेवढेच त्यांना हवे होते. त्यांची चित्रे पाहताना हत्तीच्या कळपातील नाती, रानगव्याची उभे राहण्याची ढब आणि सभोवारचे गवत, हे सारे एकाच वेळी ध्यानात येते.

त्याच सोंडूरच्या राजघराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे यांनीही पुढे वन्यजीवांचे कृष्णधवल छायाचित्रकार म्हणून मोठे नाव मिळविले. कर्नाटक राज्याचे अर्थमंत्रिपद सांभाळलेल्या या गृहस्थांनी १९८३ साली आपल्या छायाचित्रांचे आणि टिपणांचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे नाव 'सनलाइट अँड शॅडोज', म्हणजेच ऊन आणि सावल्या, असे ठेवले. वन्यप्राण्यांवरील पुस्तकाला प्राण्याचे नाव न देता प्रकाशाचे नाव देणे, यातच या कलेचे मर्म आले.

आता या विचाराची कसोटी जेथे लागते त्या ठिकाणी जाऊ. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरांवर वेदांतंगल नावाचे गाव आहे. गावाच्या पावसाळी तळ्यात अर्धवट बुडालेल्या झाडांवर हिवाळ्यात हजारो पाणपक्षी वीण करतात: उघड्या चोचीचे करकोचे, चित्रबलाक, राखी बगळे, पाणकावळे, कुदळे, चमचे आणि झोळीवाले. येथील ग्रामस्थ या पक्ष्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आले आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी चिंगलपेटच्या कलेक्टरकडून पक्ष्यांच्या संरक्षणाची हमी मिळविली होती. त्यामागे श्रद्धेइतकाच व्यवहारही होता: पक्ष्यांची विष्ठा तळ्यात पडते आणि ते पाणी शेताला खताचे काम देते. २०२२ साली हे तळे रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत समाविष्ट झाले.

विणीचा काळ आणि उत्तम प्रकाशाचा काळ येथे एकच असतो. धोका आहे तो नेमका येथे. काठावरच्या बांधावरून किंवा मनोऱ्यावरून चित्र घेता येते. पण पक्षी लहान दिसतो. दहा पावले पुढे गेले तर चित्र भरून येईल, असे मन सांगू लागते. करकोच्याची पिले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा त्यांच्या अंगावर पुरेशी पिसे नसतात. ऊन वाढले की आई किंवा बाप घरट्याच्या कडेला पंख पसरून त्यांच्यावर सावली धरून उभा राहतो. हे दृश्य अतिशय सुंदर असते, आणि म्हणूनच छायाचित्रकार त्याच्याकडे ओढला जातो. तो जवळ गेला की पक्षी उडतो. सावली सरते, पिले उन्हात उघडी पडतात, आणि कावळ्यांना एवढी संधी पुरेशी होते. ज्या प्रकाशासाठी छायाचित्रकार आला, तोच प्रकाश त्याच्या पायांनी त्या पिलांवर वैऱ्यासारखा सोडला जातो. असे चित्र पुढे कोणत्याही भिंतीवर टांगले गेले, तरी त्याची किंमत पाहणाऱ्याला दिसत नाही. ती घरट्यात चुकविलेली असते.

यावर उपाय साधे आहेत. पहाटे अंधारात येऊन जागा धरावी आणि प्रकाश येण्याची वाट पाहावी. पक्षी मान ताठ करून एकटक पाहू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. लांब भिंग नसेल तर लहान पक्ष्याचे मोठे चित्र घेण्याचा हट्ट सोडून मोठ्या तळ्याचे चित्र घ्यावे आणि त्यात पक्ष्याला त्याच्या जागी राहू द्यावे. बहुधा तेच चित्र अधिक चांगले निघते. कारण झाड, पाणी आणि आकाश यांच्यावाचून पक्ष्याला अर्थ नाही. सव्वा तास संपला की कॅमेरा बंद करावा आणि नुसते पाहावे. पाहण्याला प्रकाशाची वेळ ठरलेली नसते.

शेवटी भूदृश्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहते. वन्यजीव पळून जातो, तेवढ्यात चित्र घेतले पाहिजे, हे सर्वांना कळते. जमीनही पळून जाते, हे मात्र उशिरा कळते. चेन्नईच्या दक्षिणेकडील पल्लिकरणईची दलदल याची साक्ष आहे. इमारती, रस्ते आणि कचरा यांनी ती अनेक बाजूंनी आवळली गेली. डिसेंबर २०१५ मध्ये अतिवृष्टीने शहर बुडाले, तेव्हा पाण्याला थांबावयास जागा उरली नव्हती, हे अनेकांना प्रथमच उमगले. उरलेल्या दलदलीचा २०२२ मध्ये रामसर यादीत समावेश झाला. तेथे आजही हिवाळ्यात बदके आणि चिखलपक्षी उतरतात. कित्येकदा त्यांच्या मागे, त्याच चौकटीत, उंच इमारतींच्या रांगा असतात. बरेच छायाचित्रकार कोन बदलून त्या इमारती टाळतात. ट्राइप यांनी नसलेले ढग काढले. येथे असलेल्या भिंती पुसल्या जातात. निदान एक तरी चित्र भिंतींसह घेतले जावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

खुद्द नुंगंबाक्कमलाही एके काळी विस्तीर्ण तळे होते. त्याच्या जागी आता घरे आणि रस्ते आहेत. १९७६ साली खुले झालेले वळ्ळुवर कोट्टम हे स्मारकही त्याच जमिनीवर उभे आहे. परिसरातील एका वस्तीला लोक अजून 'लेक एरिया' म्हणतात. पाणी गेले, नाव राहिले. वेधशाळेच्या वह्यांमुळे त्या तळ्यावर कोणत्या दिवशी किती पाऊस पडला हे अभ्यासकाला शोधता येईल. परंतु डिसेंबरच्या सकाळी, सूर्य उगवून अर्धा तास झालेला असताना, त्या पाण्यावर कोणते पक्षी उतरत आणि काठावरच्या ताडांच्या सावल्या कोठवर पोहोचत, हे वहीत लिहिलेले नाही. ते केवळ छायाचित्रच सांगू शकले असते.

म्हणून प्रत्येक चित्राच्या मागे ठिकाण, तारीख आणि वेळ लिहून ठेवण्याची सवय लावावी. नुंगंबाक्कमच्या आवारात जी शिस्त दोनशे वर्षांहून अधिक काळ पाळली गेली, तीच ही शिस्त आहे. पाऊस कमी पडला म्हणून तेथे कोणी आकडा वाढवून लिहीत नाही. छायाचित्रकारानेही मिळाला तेवढाच प्रकाश आणि दिसला तेवढाच पक्षी प्रामाणिकपणे नोंदवावा. पुढे कधी ते तळे राहिले नाही, तर त्याच्यासाठी साक्ष देणारे एक तरी विश्वासू कागदपत्र शिल्लक राहील. आणि तळे टिकले, तर ते टिकविण्याच्या कामी त्या चित्राचाही थोडा हातभार लागलेला असेल.